गव्हातलं निदण

बाबा,

गेल्या रविवारी आपल्या मंडळीत कापणीचा सण झाला. चर्चच्या पायऱ्यांवर बाजरीची कणसं, भोपळे, कुणाच्या तरी मळ्यातला केळीचा घड, सगळं तुमच्या वेळेसारखंच मांडलं होतं. नवे पाळकसाहेब वयानं माझ्या मुलाएवढे आहेत. त्यांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, की ताई, तुमची सगळी नोकरी बियाणं तपासण्यात गेली, तेव्हा येशूनं सांगितलेल्या गव्हातल्या निदणाच्या दाखल्यावर यंदा तुम्हीच बोला. मी बोलले. त्या तणाचा तुमचा ग्रीक शब्द सांगितला, झिझानिया. तो कुठून आला, त्याचं झाड कसं दिसतं, तुम्ही त्याच्यामागं कसे लागला होता आणि त्यापायी भर चर्चमध्ये तुम्ही काय केलंत, तेही सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. दोन बायकांनी डोळे पुसले. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही, कारण सगळं सांगून मी एकच गोष्ट गाळली होती. ती तुम्हालाही कधी सांगितली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, शहराच्या पाटीवरचं नावसुद्धा बदललं, आणि मी अजून ती तोंडात धरून बसले होते.

तेव्हा तुम्ही इथं पाळक होता आणि आपण छावणी भागात, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मी वीस वर्षांची, परभणीला शेतकी कॉलेजात, सुटीपुरती घरी येणारी. चर्च झाडायला, घंटा वाजवायला आणि प्रभुभोजनाची भाकर भाजायला एक मावशी होती. नवरा नव्हता तिला, बारा वर्षांची एक मुलगी होती आणि त्या मुलीला फिट यायची. तुम्हाला ती पोर फार आवडायची. त्या उन्हाळ्यात मी घरी आले तर तुमच्या टेबलाच्या बाजूच्या स्टुलावर ती बसलेली. तुमचं जाड ग्रीक पुस्तक उघडं होतं आणि ती बोट ठेवून अल्फा, बीटा, गामा म्हणत होती. मी त्याच स्टुलावर बसून लहानाची मोठी झाले, पण ते पुस्तक तुम्ही माझ्यापुढं कधी उघडलं नव्हतंत. मी मागितलंही नव्हतं म्हणा. तरी मला ते दिसलं आणि आत कुठंतरी आंबट झालं.

एका दुपारी आई शाळेत शिकवायला गेलेली, तुम्ही कुणाच्या तरी आजारपणाला. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते. ती पोर जेवायला बसायचं म्हणून मोरीत हात धुवायला गेली आणि तिनं बाही वर केली. दंडावर हिरवा धागा होता. मी बघितलं हे तिनं बघितलं आणि बाही झटकन खाली ओढली. "ताई, आईनं बांधला," ती म्हणाली. "खुलताबादला दर्ग्यावर गेलो होतो. तुम्ही कुणाला सांगू नका." मी म्हणाले, "नाही सांगत, जेव तू." तिच्या ताटात मी पोळी वाढली, वर तूपही घातलं. आणि त्याच संध्याकाळी गाण्याचा सराव झाल्यावर मंडळीच्या मोठ्या पंचांच्या बायकोला मी ते सांगितलं. काळजीच्या सुरात सांगितलं. तरुण संघाची मी पुढारी होते. प्रभुभोजनाची भाकर भाजणारे हात दर्ग्यावर धागा बांधतात, हे मंडळीला कळायला नको का, असं मी स्वतःलाच समजावलं होतं. बाबा, ती मी होते. पंचांकडं बातमी माझ्याकडून गेली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. पंचांची बैठक आपल्याच बाहेरच्या खोलीत बसली आणि मी आतून दाराला कान लावून ऐकत होते. मावशी उभी होती, तिला कुणी बसायला सांगितलं नाही. मोठ्या पंचांनी विचारलं, "गेली होतीस का?" ती म्हणाली, "व्हय, गेले व्हते. डागदरला दावलं, तुमच्यासंगं गुडघं टेकून प्रार्थना केली, मंग गेले. त्या पोरीची आई हाय मी." तुम्ही काही बोलला नाहीत. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ पंचांनी आपल्याला हवा तसा घेतला. त्या रविवारी तुम्ही पुलपिटावर उभे राहिलात, निदणाचा दाखला वाचलात आणि म्हणालात की चांगल्या शेतात वैरी निदण पेरून जातो, आपण जागं राहिलं पाहिजे. मग मंडळीच्या वहीतून मावशीचं नाव कमी केल्याचं वाचून दाखवलंत. मावशी दाराजवळ उभी होती. हातातला झाडू तिनं भिंतीला नीट टेकवून ठेवला, मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली. आठ दिवसांत तिनं चर्चच्या आवारातली खोलीही सोडली आणि लासूर स्टेशनला भावाकडं गेली.

त्याच दिवशी चर्च सुटल्यावर आपल्या मंडळीतला तो म्हातारा शेतकरी पायऱ्यांवर तुमच्यासाठी थांबून राहिला. वाचता येत नव्हतं त्याला, पण दाखले तोंडपाठ होते. सगळे पांगल्यावर त्यानं टोपी काढली आणि विचारलं, "पाळकसाहेब, राग मानू नका. दाखल्यातलं गडी म्हनत्यात, आमी जाऊन तण उपटतो. मालक म्हनतो, नका उपटू, कापणीपस्तोर दोन्ही वाढू द्या. आसंच हाय ना?"

"हो," तुम्ही म्हणालात.

"मंग तुमी उपटलं कसं?"

 तो पुढं म्हणाला, "आनि दुसरं इचारतो. त्यो मालक लई दिस मला कळंना झालाय. निंदणी केल्याबिगर गहू येतो व्हय? आमी गाजरगवत डोळ्यांनी वळखून उपटतो. ह्यो म्हनतो, ऱ्हाऊ द्या. त्यो मालक येडा तरी हाय, न्हायतर त्ये तण तरी येगळं हाय. कोन्चं तण हाय त्ये, पाळकसाहेब?"

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. टेबलाशी बसून ते पुस्तक उघडलंत आणि रात्री आईनं दिवा मालवायला लावला तेव्हा उठलात. मला अजून आठवतं, सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "आपला मराठी शब्द बघ. निंदून काढायचं ते निदण. शब्द कानावर पडला की माणूस खुरपंच शोधायला लागतो. आणि मालक तर खुरप्याला हात लावू नका म्हणतोय." झिझानिया हा शब्द नव्या करारात फक्त त्या एका अध्यायात येतो आणि जुन्या ग्रीक लेखनात तो सापडत नाही, हे तुम्ही शोधून काढलंत. कोशात एवढंच होतं की हा शब्द पूर्वेकडच्या कुठल्या तरी भाषेतून आलेला असावा आणि ते गव्हासारखं दिसणारं एक गवत आहे. तेवढ्यानं तुमचं समाधान होईना. सुटी संपून मी परभणीला गेले तर मागोमाग तुमचं कार्ड आलं, की गव्हासारखं दिसणारं, माणसाला बाधणारं असं काही गवत तुमच्या प्राध्यापकांना माहीत आहे का, विचारून कळव.

माहीत होतं त्यांना. ते म्हणाले, आपल्या बाजूला हे फारसं दिसत नाही, पण गव्हाच्या मुलखात जुन्या काळी याचा फार त्रास होता. त्यांनी कपाटातून एक जाड पुठ्ठा काढला. त्यावर दोन कोवळी रोपं वाळवून शेजारी शेजारी चिकटवली होती, एक गव्हाचं आणि एक त्या गवताचं. नावं मागच्या बाजूला लिहिलेली. त्याचा दाणा गव्हात दळला गेला तर खाणाऱ्याला भोवळ येते, जीभ जड होते, असं ते म्हणाले. वर हेही म्हणाले की ते विष त्या गवताचं स्वतःचं नसतं, दाण्याच्या आत एक बुरशी घर करून राहते, तिचं असतं. पुठ्ठा त्यांनी चार दिवसांसाठी मला नेऊ दिला.

मी तो घेऊन घरी आले, तोवर तुम्ही दुसऱ्याच वाटेनं तिथं पोचला होता. शहागंजच्या मागं एक म्हातारे हकीम बसायचे, त्यांच्याकडं गेला होता. तुम्ही तो प्रसंग इतक्यांदा सांगितलात की मी तिथं होते असंच मला वाटतं. तुम्ही गवताचं वर्णन केलंत, भोवळीचं सांगितलंत, आणि हकीमसाहेब हसून म्हणाले, "अरे पादरीसाब, ये तो ज़ुवान है. अरबी किताबों में येइच नाम है. गेहूं के साथ पिस गया तो सर चकराता, आदमी पिये सरीका झूमता." झिझानिया आणि ज़ुवान. तुम्ही दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून घेतलेत. कोशातली ती पूर्वेकडची भाषा म्हणजे अरबीच्याच घराण्यातली. तुम्ही त्यांचे आभार मानलेत आणि उठताना त्यांनी विचारलं, "ये आपको काहे कू होना?" तुम्ही खरं सांगितलंत. दर्ग्याच्या धाग्यावरून एका बाईला मंडळीतून काढलं, तेव्हा हाच शब्द वापरला होता, असं. हकीमसाहेबांनी तुम्हाला पुन्हा बसायला सांगितलं म्हणे. मग त्यांनी तुम्हाला चहा पाजला.

स्वयंपाकघरात मी पुठ्ठा तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही चष्मा पुसलात. मी विचारलं, "यातला गहू कुठला?" तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, लहानपणी गहू काढलेला. तुम्ही पुठ्ठा खिडकीपाशी नेलात, पानं बघितलीत, मुळं बघितलीत, आणि ठामपणे डावीकडच्या रोपावर बोट ठेवलंत. मी पुठ्ठा उलटा केला. डावीकडचं ते निदण होतं. तुम्ही खाली बसलात. मी उत्साहानं सांगत होते की ओंबी बाहेर येईपर्यंत कुणालाच ओळखता येत नाही, तोवर मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एक उपटलं की दुसरं हातात येतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मालक वेडा नव्हता. तणाची त्याला दया आली असंही नव्हतं. त्याला गड्यांच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता." मोठं शहाणपण सुचल्यासारखी मी म्हणाले, "पण बाबा, शेवटी निवड होतेच ना? कापणारे निदण वेगळं काढून जाळतातच." तुम्ही माझ्याकडं वळलात. इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी आधी बोलला नव्हता आणि नंतरही बोलला नाहीत. "कापणारे वेगळे आहेत, बाई. ते आपण नाही. आपण गडी आहोत, आणि आपल्याला नको म्हणून सांगितलंय." मला वाटलं, यांना कळलंय. धाग्याची बातमी कुठून गेली हे यांना कळलंय आणि हे मलाच बोलताहेत. मी पोळपाट धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आपण दोघं लासूर स्टेशनला गेलो. तुम्ही मला का बरोबर घेतलंत ते मी विचारलं नाही. धान्याच्या मोंढ्याच्या मागं तिच्या भावाचं पत्र्याचं घर होतं. मावशी दारात धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि आपल्याला बसायला गोणपाट टाकलं. मुलगी आत झोपली होती, आदल्या दिवशी फिट येऊन गेली होती. मावशी मला म्हणाली, "बाय, हापशावरून येवढी कळशी भरून आन." मी गेले. परत आले तेव्हा तुम्ही हात जोडून बसला होता आणि मावशी दुसरीकडं बघत होती.

ती म्हणत होती, "माफी मागाया येवढ्या लांब आलात, पाळकसाहेब. पर नाव कापलं चार मानसांत, आन माफी हितं एकलीला व्हय? तिथं माझी पोर उभी व्हती. तिनं ऐकलं."

"तिथंच मागतो," तुम्ही म्हणालात. "येत्या रविवारी. तुम्ही याल?"

"ऐकाया येईन. पुढचं काय म्या सांगत नाय."

ती आली. मुलीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. तुम्ही पुलपिटावर चढला नाहीत. खाली फरशीवर, लोकांच्या पातळीवर उभे राहिलात आणि कागद न घेता बोललात. म्हणालात, मी एक शब्द नीट न समजता वाचला आणि तो एका बाईवर आणि तिच्या लेकरावर वापरला. दाखल्यात नोकरांनी जे करायचं नाही ते मी केलं. गहू कुठला आणि निदण कुठलं हे माझ्या डोळ्यांना कळत नाही, परवा माझ्या मुलीनं पुठ्ठ्यावर दाखवलं तेव्हाही कळलं नाही. मग मावशीकडं वळून तिच्या नावानिशी क्षमा मागितलीत, आणि तिच्या मुलीचीही, वेगळी. मोठे पंच उठून बाहेर गेले, त्यांच्यामागून दोन बाकं रिकामी झाली. त्यांच्या बायकोनं जाताना एकवार माझ्याकडं बघितलं.  ती आता बोलेल असं मला वाटलं, पण ती बोलली नाही. प्रभुभोजन सुरू व्हायच्या आधी मावशी उठली. तुम्ही ताट हातात घेऊन उभे होता. तिनं तुम्हाला नमस्कार केला, साधा, दोन्ही हातांनी, आणि मुलीला घेऊन गेली. परत कधी आली नाही. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना भाकर दिलीत आणि स्वतः घेतली नाहीत.

वर्षाच्या आत तुमची बदली अजिंठ्याकडच्या लहानशा मंडळीत झाली. बदलीच म्हणायचं, पण कुणाच्या सांगण्यावरून ते सगळ्यांना माहीत होतं. तिथं बारा घरं होती. तुम्ही एका घरातून दुसऱ्या घरात चालत जायचात, ज्वारीच्या काढणीला लोकांच्या बरोबर उभे राहायचात. मी भेटायला यायचे तेव्हा बरे दिसायचात. मला नोकरी लागली, पुढची सारी वर्षं भिंगाखाली दाणे निवडण्यात गेली, आणि एक समजूत मी मनाशी धरून राहिले. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, स्वयंपाकघरात मला बोललात तेव्हा ठाऊक होतं, लासूरला मला त्याचसाठी नेलं होतंत, आणि ठाऊक असूनही तुम्ही मला काही म्हणाला नाहीत. म्हणजे मनातल्या मनात माफ केलंत. शेवटच्या आजारपणात मी तुमचे पाय दाबत बसायचे तेव्हा दोनदा ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, त्यांना माहीत आहे, कशाला उगाच.

कापणीच्या सणानंतर तीन दिवसांनी मी लासूरला गेले. ते पत्र्याचं घर आता विटांचं झालंय. मुलगी, म्हणजे आता पन्नाशीची बाई, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. गोळ्या चालू आहेत, फिट कित्येक वर्षांत आली नाही म्हणाली. मावशी खाटेवर बसलेली, डोळ्यांना कमी दिसतं पण आवाजावरून मला ओळखलं तिनं. मुलगी चहा टाकायला आत गेली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. मावशी, माफ करा, तुमच्या धाग्याचं मी सांगितलं होतं.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "पोरीनं तवाच सांगितलं, ताईनं बघितलं म्हनून. सैपाकघरात दुसरं कोन व्हतं?"

"मग तुम्ही बाबांना..."

"न्हाई. त्यानं इचारलं व्हतं. तू हापशावर गेली व्हतीस तवा. म्हनला, मावशी, मला एकदा कळू द्या, पंचांकडं कोन गेलं. लई कळवळून इचारलं. म्या म्हनलं, कुनी तरी बघितलं आसंल, मला काय ठावं." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "येवढा मोठा मानूस गोणपाटावर हात जोडून बसलेला. त्याला आनखी किती खाली वाकवू? लेक व्हतीस तू त्याची."

मी वळून बघितलं. मशीनजवळ मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं ऐकलं असणार. तिनं कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "साखर कमी घातलीय ताई, आता तुमचं वय झालं." मी तिच्याकडंही माफी मागितली, वेगळी. तिनं मान हलवली आणि ती मशीनवर जाऊन बसली. माझा चहा पिऊन होईपर्यंत ती शिवतच राहिली.

येताना गाडीत मला कळत होतं की आता माझ्याकडं काही उरलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. तुम्ही मला माफ केलं नव्हतंत, कारण माफ करायला काही आहे हेच तुम्हाला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात तुम्ही जे बोललात ते मला उद्देशून नव्हतं, ते तुम्ही स्वतःलाच बोलत होता. आणि लासूरला बहुधा तुम्ही मला सोबतीला नेलं होतंत, एवढंच. एवढी वर्षं जे मी तुमच्याकडून घेतलं असं समजत होते, ते देणारी तिकडं पत्र्याच्या घरात बसली होती.

म्हणून हे लिहिलं. पोस्टात टाकायला पत्ता नाही, आणि कबरीवर कागद ठेवून येणं मला जमणार नाही. टेबलाच्या खणातच राहील. लिहिलं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर तुम्ही आज समोरच्या खुर्चीत बसलेले असता, तर मी तुम्हाला चहा दिला असता, तब्येत विचारली असती, आणि यातलं एक अक्षरही बोलले नसते.